वज्रांगी, अत्तरवाली आणि प्रमाण पुणेकर

वज्रांगीचं नाक कापलेलं आहे, ही गोष्ट त्या रविवारच्या दुपारपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हती. खुद्द वज्रांगीलाही नव्हती.

वज्रांगी म्हणजे बद्रीनाथ खरवंडीकरांची नात सृष्टी. एरवी ही मुलगी हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकासमोर बसते, तिथंच होस्टेलवर राहते आणि शनिवारी हडपसरला आजी-आजोबांकडे येते. पण रविवारी जेवणं आटोपली, की ती मोबाइलवर भाडोत्री योद्धा होते. तिच्यासारखी आणखी तिघं आहेत. समोरच्या दारातल्या रियाज अत्तारांची नात तरन्नुम, ही अत्तरवाली. कमरेला कुप्यांचा पट्टा. एक कुपी फोडली की समोरची फौज उभ्या उभ्या घोरायला लागते. वरच्या मजल्यावरचा पुष्कर, हा कालभंजन. मनात आलं की काळ थांबवतो. (प्रत्यक्षात त्याच्यासाठी सोसायटीची लिफ्टसुद्धा थांबत नाही.) आणि पलीकडच्या इमारतीतली सलोनी, ही एक बोलकी घार.

चौघं मिळून एक गोष्ट लिहितात. शाळेत असताना जिन्यात बसून तोंडी सुरू केलेली गोष्ट आता मोबाइलवर गेली, एवढाच फरक. एकानं एक वाक्य लिहायचं, दुसऱ्यानं पुढचं. लढाई आली, की एकानं वार लिहायचा आणि दुसऱ्यानं तो चुकवायचा किंवा खायचा. फासे नाहीत, पत्ते नाहीत, पंच नाही. सगळं परस्परांच्या सदसद्विवेकबुद्धीवर. सहकारी गृहरचना संस्थाही याच तत्त्वावर चालतात, आणि त्यांचं काय होतं ते आपण पाहतोच.

तर त्या रविवारी अत्तरवालीनं वज्रांगीसमोर मोगऱ्याची कुपी फोडली. आता वज्रांगीनं झोपावं आणि तिला फरफटत तळघरात न्यावं, हा सरळ हिशेब. पण सृष्टीनं लिहिलं, ‘वज्रांगीचं नाक पूर्वीच्या एका लढाईत कापलं गेलं आहे. तिला वास येत नाही.’

“आत्ता कापलंस!” त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली तरन्नुम म्हणाली.

“पूर्वीच कापलंय. मी सांगितलं नव्हतं.”

“मागच्या रविवारी जंगलात धुराचा वास आला म्हणून कोण पळालं होतं?”

सृष्टीनं जरा विचार केला. “तो तोंडानं आला.”

तरन्नुमनं भिंतीतला आपला चार्जर उपटला आणि ती निघून गेली. समोरचं दार बंद झालं. पुढच्या शनिवारी सृष्टीचा फोन आला. ऑफिसचं काम आहे, येता येणार नाही. आजीनं, म्हणजे यमुनाबाईंनी, त्यावर विश्वास ठेवला, कारण नात आपल्या हातच्या आमटीसाठी येते असा त्यांचा अनेक वर्षांचा समज होता. ती समोरच्या दारासाठी येते, हे बद्रीनाथांना माहीत होतं. आमटीही त्यांना माहीत होती.

आणि ते दार काही साधंसुधं नव्हतं. स्वारगेटच्या मागच्या एका बोळात बद्रीनाथ आणि रियाज एकाच नळावर दात घासत मोठे झाले. पुढं बद्रीनाथ वजनमापे खात्यात निरीक्षक झाले, रियाजनी वाडवडिलांचं अत्तराचं दुकान सांभाळलं. म्हातारपणी रियाजनी हडपसरला फ्लॅट घेतला म्हणून बद्रीनाथांनी समोरचा घेतला, असं रियाज सांगत. बद्रीनाथ नेमकं उलटं सांगत. सकाळी सोसायटीच्या बागेला दोघं मिळून फेऱ्या मारत. आता नाती बोलेनाशा झाल्या, म्हणजे आज ना उद्या घरं बोलेनाशी होणार. मग समोरासमोरच्या दोन दारांमध्ये पायपुसणी तेवढी शेजारधर्म पाळणार. बद्रीनाथांना ती कल्पना सोसवेना. त्यांनी मध्ये पडायचं ठरवलं.

बद्रीनाथ मध्ये पडतात तेव्हा नेमकं काय होतं, हे यमुनाबाईंना लग्नापासून ठाऊक असल्यामुळे त्या म्हणाल्या, “अहो, मुलींची भांडणं आहेत. आपोआप मिटतील.”

“यमुने, भांडण हा मापाचा प्रश्न असतो. माप खरं असेल तर भांडणाला जागाच उरत नाही.”

“आपलं माप कोणी केलं नाही म्हणून निभावलं,” यमुनाबाई म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

बद्रीनाथांनी सृष्टीला फोन लावला. “तुमच्या त्या गोष्टीत कोण किती बलवान, हे ठरलंय की नाही?”

“आबा, ते गोष्टीत ठरत जातं.”

“ठरत जातं? किलो काय ठरत जातो? उद्या वाणी म्हणेल, घ्या साखर, किती ते घरी पोचेपर्यंत ठरत जाईल!”

सृष्टीनं फोन ठेवला. तिला वाटलं, आबा विसरतील. निवृत्त माणूस काहीही विसरत नाही. त्याला तेवढं कामच नसतं.

माप ठरवायचं म्हणजे आधी एकक हवं. बद्रीनाथांनी एककाचं नाव ठेवलं ‘बल’. प्रत्येक पात्राला मोजून शंभर बल. शक्ती वाढली तर तितकी कुठून तरी कापायची. आता एक बल म्हणजे किती? त्यांच्या खात्यात प्रत्येक वजन एका प्रमाण वजनाशी ताडून बघत. तेव्हा इथंही एक प्रमाण माणूस पाहिजे होता.

ही गरज त्यांनी पार्किंगमध्ये बोलून दाखवली, ही चूक झाली. सोसायटीत पाणी आलं नाही तर कोणी खाली येत नाही, पण प्रमाण माणूस म्हटल्यावर दहाजण जमले. कोणी रात्रपाळीच्या वॉचमनचं नाव सुचवलं. पण तो झोपलेला असताना धरायचा की जागा असताना, यावर एकमत होईना. कोणी म्हणालं, जिमवाला धरा. त्यावर जिमवाल्याच्याच आईनं सांगितलं, की त्याला बाटलीचं झाकण उघडत नाही. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी दत्तप्रसाद पुढं सरसावले.

“मला धरा. मी सरासरी माणूस आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत तिघांनी तसं बोलून दाखवलंय.”

“तुम्ही पदसिद्ध आहात,” बद्रीनाथ म्हणाले. “पदानं बल वाढतं. बाद.”

अखेर त्यांनीच व्याख्या केली. संध्याकाळी स्वारगेटच्या चौकात भाजीची पिशवी हातात घेऊन रस्ता ओलांडणारा आणि भाजीसकट पलीकडे पोचणारा जो पुणेकर, त्याची ताकद दहा बल. ही व्याख्या सर्वांना पटली. पुण्यात कोणतीही गोष्ट सर्वांना पटणं अशुभ असतं, हे बद्रीनाथांच्या लक्षात यायला हवं होतं.

दत्तप्रसादांना बाद झाल्याचा राग होताच. ते म्हणाले, “सगळं ठीक आहे, पण एवढ्या लोकांनी बघायला यायचं म्हणजे तुम्हाला हॉल लागणार. हॉलला अर्ज लागणार.”

बद्रीनाथांनी अर्ज नेऊन दिला.

“कार्यक्रमाचं स्वरूप?” दत्तप्रसादांनी चष्मा वर केला.

“युद्ध.”

“युद्धाला हॉल देत नाही आपण. आवाज फार होतो.”

“आवाज नाही. टाइप करतात.”

“मग हळदीकुंकवात घालतो. आणि हे काय, ‘काळ थांबवणे’? काळ कितीही थांबवा, हॉलचं भाडं चालू राहील.”

इकडं घरी मोजमाप सुरू झालं. आबांनी बोलावलं म्हणून चौघंही आली. तरन्नुम आली, पण सोफा सोडून जेवणाच्या टेबलाशी बसली. सृष्टी सोफ्यावर बसून पंख्याकडे बघत राहिली. बद्रीनाथांनी जुन्या सवयीनं शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावली होती.

“कालभंजन. काळ किती वेळ थांबवतोस?”

“अनंतकाळ,” पुष्कर म्हणाला.

“अनंत रकान्यात मावत नाही. आकडा सांग.”

“आबा, तीच त्याची पॉवर आहे ना!”

घासाघीस होऊन अनंतकाळ कुकरच्या एका शिट्टीइतका ठरला. सलोनीच्या घारीचे वीस बल ती बोलते म्हणून कापले. लढाईत बोलणाऱ्याची ताकद वाया जाते, असं बद्रीनाथांचं निरीक्षण होतं, आणि ते सांगताना त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही. वज्रांगीला निम्मं नाक परत दिलं. निम्म्या नाकानं मोगरा निम्मा येतो, सबब झोपही निम्मी, म्हणजे डुलकी. राहिली अत्तरवाली. तिचं बल मोजलं तर प्रमाण पुणेकराची पेठच्या पेठ उभी राहत होती. बद्रीनाथांनी कापाकापी केली. अत्तर वाऱ्याविरुद्ध चालणार नाही. सर्दी झालेल्या शत्रूवर चालणार नाही. आणि असर टिकेल तीन वाक्यं, फक्त.

“तीन वाक्यं?” तरन्नुमनं विचारलं.

“लांब लिही,” बद्रीनाथ म्हणाले. त्यांना वाटलं, आपण सवलत दिली.

रविवारी हॉल भरला. टीव्हीला जोडून मोठ्या पडद्यावर गोष्ट दिसत होती. पहिल्या रांगेत रियाज कडक इस्त्रीचा झब्बा घालून बसले होते. नातीचं युद्ध म्हणून कानात अत्तराचा फायाही ठेवला होता. तोपर्यंत त्यांना कापाकापीची काहीच कल्पना नव्हती.

लढाई सुरू झाली. अत्तरवालीनं कुपी फोडली. वज्रांगीला डुलकी आली. तीन वाक्यांनी गेली. वज्रांगीनं वार केला. अत्तरवालीनं चुकवला. कालभंजनानं काळ थांबवला. कुकर हॉलमध्ये आणता येत नसल्यामुळे यमुनाबाईंनी तोंडानं शिट्टी वाजवली आणि काळ पूर्ववत सुरू झाला. घारीनं झडप घातली, ती शंभरातल्या बरोबर तेवढ्याच बलानं परतवली गेली. पुन्हा कुपी. पुन्हा डुलकी. पुन्हा शिट्टी. कोणी जिंकेना, कोणी हरेना. दोन्ही पारडी एका रेषेत, काटा तंतोतंत मध्यावर. सबंध नोकरीत बद्रीनाथांना असा काटा कुठल्याही दुकानात बघायला मिळाला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. बाकीच्यांचे मिटले. दत्तप्रसाद तर अत्तराशिवायच घोरू लागले.

शेवटी पुष्करनं मोबाइल खाली ठेवला. “आबा, एकदम फेअर आहे. पण मग लढायचं कशाला?”

बद्रीनाथ खिशातलं पेन काढून उत्तरासाठी रकाना आखायला लागले. पण तेवढ्यात रियाज उभे राहिले.

“एक विचारू का, बद्री? ही डुलकी तीन वाक्यांत का उतरते?”

“तसं माप ठरलंय.”

“माझ्या आजोबांचं अत्तर लग्नात लावलं तर बारशापर्यंत टिकायचं. आणि माझ्या नातीचं तीन वाक्यं?”

“अरे, ते खेळातलं अत्तर आहे.”

“खेळातलं असलं तरी विकणाऱ्याचं नाव अत्तारच आहे ना? आणि वर सर्दी झालेल्यावर चालत नाही म्हणे! आयुष्यभर दुसऱ्यांच्या तराजूत खोट काढलीस, बद्री. आता घरात काढायला लागलास.”

हॉलमध्ये सगळे जागे झाले. युद्धाला आता कुठं रंग चढत होता. पण रियाज नातीला घेऊन निघून गेले. जाताना तरन्नुम सृष्टीला एवढंच म्हणाली, “खूश?”

सृष्टीला खूश व्हायचंच नव्हतं. ती संध्याकाळच्याच बसनं हिंजवडीला परतली, आणि जाताना आबांना नमस्कार करायची विसरली. म्हणजे विसरली नव्हती.

सोमवारी सकाळी बद्रीनाथ बागेत गेले तेव्हा रियाज उलट्या दिशेनं फेऱ्या मारत होते. अबोला धरणाऱ्यानं ही चूक कधीही करू नये. एकाच दिशेनं चाललं तर पुढच्याची पाठ दिसते, भागतं. उलट चाललं की दर फेरीला दोनदा समोरासमोर. प्रत्येक वेळी दोघांनाही आभाळात काहीतरी बघावं लागे. बघ्यांना वाटलं विमान येतंय. तेही वर बघू लागले. आठवडाभर हडपसरच्या आभाळाकडे एवढं लक्ष कोणी दिलं नसेल.

बद्रीनाथांचं जेवण कमी झालं. ते रात्रंदिवस आकडे फिरवून बघत. अत्तराची चार वाक्यं केली तर? साडेचार?

“अहो,” यमुनाबाई एके दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “तुम्ही आणि रियाजभाऊ बोळात लगोरी खेळायचात ना? तेव्हा काय, आधी एकमेकांना काट्यावर उभं करायचात?”

“काट्यावर कशाला? गडी वाटायचो.”

“ते कसं?”

“कसं म्हणजे? दोन कप्तान. बाकीच्यांनी जोड्या लावायच्या. ज्याला जो आपल्या तोडीचा वाटेल त्याच्या गळ्यात हात टाकून लांब जायचं, दोघांनी गुपचूप दोन नावं घ्यायची, परत यायचं आणि कप्तानाला विचारायचं, चांदीचा घोडा पाहिजे की...”

बद्रीनाथ बोलता बोलता थांबले. डोळ्यांसमोर तो बोळ आला. नळाशेजारचा ओला कट्टा, त्यामागं गळ्यात गळा घालून कुजबुजणाऱ्या जोड्या, त्या पोरांच्या तोंडाचा चिंचेचा वास. कोण किती बलवान हे कोणीच मोजलं नव्हतं. आपल्या बरोबरीचा कोण, ते ज्यानं त्यानं शोधायचं, आणि समोरच्यानं होय म्हणायचं. तो होय म्हणाला की माप झालं. वरून कोणाचा शिक्का लागत नव्हता.

“मग तुमची जोडी कोणाशी असायची?” यमुनाबाईंनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

बद्रीनाथ तसेच उठले, त्यांनी पायात यमुनाबाईंच्या चपला सरकवल्या आणि समोरची बेल दाबली. रियाजांच्या बायकोनं, आबेदाभाभींनी दार उघडलं.

“या भाऊजी, या. ते घरी नाहीत असं सांगायला सांगितलंय.”

“केव्हा येतील?”

आतल्या खोलीतून आवाज आला, “आठ दिवस येणार नाही म्हणावं!”

बद्रीनाथ पडद्यापाशी उभे राहिले. पस्तीस वर्षं भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडलेला माणूस. पण आवाज बोळातल्या पोराचा निघाला. “रियाज, रविवारी गडी वाटायचेत. सगळे जोड्या लावतील. तू आला नाहीस तर मी एकटा उरतो.”

आत पलंग करकरला. मग कोणीतरी जमिनीवर सपाता शोधत असल्याचा आवाज आला.

रविवारी हॉल घेतला नाही. बद्रीनाथांच्याच दिवाणखान्यात सगळे जमले. सृष्टीला आणायला यमुनाबाईंना आपल्याला चक्कर येते असं फोनवर सांगावं लागलं होतं. ती आल्यावर त्या टुणकन उठून पिठलं ढवळायला गेल्या. पुष्कर आणि सलोनी कप्तान. बद्रीनाथांनी पद्धत समजावली. कप्तान जे नाव निवडेल तो गडी त्याचा, उरलेला समोरच्या बाजूला. बल रद्द, शंभर रद्द, प्रमाण पुणेकराला त्याच्या भाजीसकट घरी पाठवलं. जो ज्याची जोडी, तो त्याच्याशी लढेल. आणि आपण बरोबरीचे आहोत असं दोघांनी मानलंय, एवढाच नियम.

“नाक कापून घ्यायचं तर?” पुष्करनं विचारलं.

“जोडीदाराला विचारून कापायचं,” बद्रीनाथ म्हणाले.

मग ते आणि रियाज गळ्यात हात टाकून जिन्यात गेले. दोघांच्याही खांद्यांची तक्रार असल्यामुळे ते गळ्यात हात कमी आणि एकमेकांना सावरून धरणं जास्त होतं. आत जोडी लावायच्या उरल्या दोघी. सृष्टीनं तरन्नुमकडे पाहिलं. तरन्नुमनं छताकडे पाहिलं.

“चल ना,” सृष्टी म्हणाली. “तुझ्याशिवाय कोणाशी लावू?”

तरन्नुमनं छताला आणखी थोडा वेळ दिला आणि ती उठली. दोघी गॅलरीत गेल्या.

जिन्यात बद्रीनाथांनी हळूच विचारलं, “एक सांग, रियाज. तू माझ्या दुप्पट पळायचास. नेमही तुझाच. मग दर वेळी माझ्याशीच जोडी का लावायचास?”

“दुप्पट?” रियाजना हे माप मान्य नव्हतं. “तिप्पट!”

“बरं, तिप्पट. मग?”

“अरे, जोडी लावली की गडी समोरच्या बाजूला जातो. तू माझ्या बाजूला आला असतास तर दिवसभर तुझी पाठच दिसली असती. समोर असलास की तोंड दिसायचं.” रियाजनी कठड्यावरची धूळ उगीचच पुसली. “आता नावं ठरव लवकर. पोरं वाट बघतायत.”

बद्रीनाथांना नावंच सुचेनात. ती रियाजनी ठरवली.

गॅलरीतल्या दोघी मात्र येईनात. कप्तान ताटकळले. तिकडून आधी कुजबुज, मग एक चिडका आवाज, मग दुसरा, आणि मग एकदम दोघींचं खिदळणं. आल्या तेव्हा एकमेकींच्या गळ्यात हात होते.

“पुष्कर, बोल,” सृष्टी म्हणाली. “कापलेलं नाक पाहिजे की फुटकी कुपी?”

“यात काय गुपित आहे? सरळ कळतंय!” पुष्कर खूश झाला. “नाक. सृष्टी माझ्याकडे.”

तरन्नुम शांतपणे त्याच्या बाजूला जाऊन बसली. “नाक मी होते.”

पिठलं-भाकरी झाली आणि लढाई लागली. अत्तरवालीनं मोगऱ्याची कुपी फोडली. सगळे थांबले. सृष्टीचा अंगठा मोबाइलवर बराच वेळ नुसताच फिरत होता. मग तिनं लिहिलं, ‘वज्रांगीला वास आला. ती झोपली.’

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला तरन्नुमनं खाली मान घालून लिहिलं, ‘अत्तरवाली तिला तळघरात नेत नाही. तिच्या अंगावर पांघरूण घालते आणि उजाडायची वाट बघत बसते. जागी झालेल्या शत्रूशी लढण्यात मजा आहे.’

आबेदाभाभींनी डोळ्याला पदर लावला. पिठल्यात मिरची जास्त झाली होती, असं त्या नंतर म्हणाल्या.

मग म्हाताऱ्यांची पाळी आली. बद्रीनाथ झाले होते एक फिरते निरीक्षक. शस्त्र म्हणून हातात पितळी वजन. रियाज झाले होते गंध्यांचे, म्हणजे तमाम अत्तरवाल्यांचे, बादशहा. बद्रीनाथ आपला पहिला वार चष्मा लावून एकेक अक्षर शोधत टाइप करत होते, तेवढ्यात रियाजनी नातीला तोंडी सांगून मोकळं केलं, “लिही, केवड्याची बुधली फोडली. आख्खी.”

बद्रीनाथांनी तोंड उघडलं. सर्दीचा मुद्दा त्यांच्या अगदी जिभेवर आला होता. सगळ्या घरानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं, चष्मा काढून ठेवला आणि ते सोफ्यावर रीतसर आडवे होऊन मेले.

यमुनाबाई स्वयंपाकघरातून कांदाभज्यांचं ताट घेऊन आल्या. मयतानं एक डोळा उघडून ताटाकडे हात लांबवला. यमुनाबाईंनी ताट बाजूला ओढलं.

“मेलेल्या माणसाला भजी मिळत नाहीत.”

“द्या वहिनी, द्या त्याला,” रियाज म्हणाले. “मी अर्धवटच मारलाय.”